ठेंगण्या कुंपणावर कोणती सुवासिक वेल चढवावी?

मळ्यांतील घराभोंवतीं बहुधा तारेचें किंवा बांबूच्या कामट्यांचें कमरेइतकें कुंपण असतें. तें जनावरांस अडवितें. परंतु रस्त्यावरील धूळ त्यानें अडत नाहीं, आणि अंगणास शोभाही येत नाहीं. पावसाळा तोंडावर आला म्हणजे या कुंपणावर एखादी सुवासिक वेल चढवावी असें घरांतील मंडळींस वाटूं लागतें, व सर्वांत लवकर वाढणारी वेल कोणती हा प्रश्न प्रथम निघतो. प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. जी वेल एका वर्षांत कुंपण झांकून टाकते ती दुसऱ्या वर्षीं वाढावयाची थांबत नाहीं, हें आधीं लक्षांत घेतलें पाहिजे.

हें शहाणपण आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. आमच्या साडेतीन फूट उंचीच्या तारेच्या कुंपणावर आम्हीं मधुमालती लाविली होती. सायंकाळीं पांढरीं उमलून पुढें गुलाबी व तांबडीं होणाऱ्या फुलांची ती ही वेल. पहिल्या पावसाळ्यांत सर्वांनीं तिची वाखाणणी केली. दुसऱ्या वर्षीं तिनें शेजारचा शेवगा गांठला. तिसऱ्या वर्षीं आषाढांतील वाऱ्यापावसांत भिजलेल्या वेलीच्या भारानें चार लांकडी खांब बुडाशीं मोडले, कुंपण आडवें झालें, आणि रात्रीं आंत शिरलेल्या गुरांनीं परसांतील भाजीपाला फस्त केला. दोष वेलीचा नव्हता. मांडवावरची वेल आम्हीं कुंपणावर घातली होती. मधुमालतीस उंच मांडव किंवा भक्कम कमानच द्यावी.

ठेंगण्या कुंपणासाठीं दोन प्रकारच्या वेली एकाच वेळीं लावाव्या. एक कायमची व दुसरी त्या वर्षापुरती. कायमची म्हणून जुई किंवा जाई पसंत करावी. जुईच्या पानाच्या देंठाशीं कानांसारखीं दोन चिमुकलीं पानें असतात. जाईचें पान अनेक लहान पर्णिकांचें असून तिच्या कळीवर बाहेरून गुलाबी झांक असते. दोहोंचाही वास उत्तम, आणि दोन्हीही छाटणी सोसणाऱ्या असल्यामुळें मर्यादेंत ठेवितां येतात.

लागवड जून-जुलैमध्यें करावी. कुंपणापासून एक फूट आंत, पांच-पांच फुटांवर, दीड फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे घेऊन त्यांत चांगलें कुजलेलें शेणखत व माती भरावी. मुळ्या फुटलेलें दाबकलम लाविल्यास जीव लवकर धरतो. या वेलींस मुळाशीं तुंबलेलें पाणी सोसत नाहीं. सबब भारी काळ्या जमिनींत मातीबरोबर थोडा मुरूम मिसळून जागा किंचित् उंच करावी.

पुष्कळांची चूक होते ती पुढें. वेल वर जात आहे हें पाहून समाधान मानण्यांत येतें, आणि मग शेंड्याकडे झुपका व बुडाशीं नुसत्या काड्या अशी तिची स्थिति होते. यासाठीं कोंवळ्या फांद्या सरळ वर जाऊं न देतां तळच्या तारेपासूनच आडव्या बांधीत जाव्या. आडव्या फांदीच्या डोळ्याडोळ्यांतून फुटवे निघतात आणि कुंपण खालपासून भरत येतें.

पहिल्या वर्षीं ही वेल कुंपण पुरतें झांकीत नाहीं. तेवढ्यापुरती गुलचांदणी लावावी. तिचें बीं कठीण कवचाचें असल्यामुळें रात्रभर पाण्यांत भिजवून, पाऊस सुरू होतांच दोन जुईंच्या मध्यें टोंचावें. ती झपाट्यानें वाढते; पावसाळ्याच्या उत्तरार्धांत तिचीं मोठीं पांढरीं फुलें तिन्हीसांजेस उमलतात व त्यांचा मंद सुवास येतो. मात्र तिनें जुईला झांकूं नये म्हणून तिच्या फांद्या वरचेवर बाजूस साराव्या. आणि बीं पडून ती शेतांत पसरूं नये म्हणून बोंडें पक्व होण्यापूर्वींच तिला उपटून टाकावें.

आतां वर्ज्य झाडांविषयीं. संत्री, मोसंबी किंवा लिंबाची बाग जवळ असेल तर कुंती, म्हणजेच कामिनी, कुंपणास लावूं नये. तिच्या कोंवळ्या फुटीवर सायला नांवाची रस शोषणारी कीड पोसली जाते, आणि हीच कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते. रोगट झाड बरें करणारा उपाय नाहीं. गजऱ्यापुरत्या सुवासासाठीं बाग धोक्यांत घालणें परवडणारें नाहीं. कण्हेर लवकर वाढते हें खरें, पण तिचा ओला व वाळलेला पाला दोन्हीही गुरांस प्राणघातक आहेत. रातराणीही विषारी असल्यानें जेथें गुरांचें तोंड पोंचतें तेथें ती नको. गुरांचा फारच उपद्रव असेल तर कुंपणाबाहेर मेंदीची रांग धरावी. तिला गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, आणि तिचा मोहोरही सुवासिक असतो.

छाटणीविषयीं हयगय करूं नये. जाई डिसेंबरच्या अखेरीस व जुई जानेवारीच्या अखेरीस जमिनीपासून हातभर राखून छाटावी, मग शेणखत घालून पाणी द्यावें. कुंपण कांहीं दिवस उघडें दिसेल, त्याचें वाईट वाटूं देऊं नये. नव्या फुटीवरच फूल येतें, आणि दरवर्षीं हलकी झालेली वेल आषाढांतील वाऱ्यांत खांबांस भार होत नाहीं. ज्यास अशी छाटणी करण्याचा धीर होत नाहीं त्यानें कुंपण तसेंच उघडें ठेवावें. तें निदान उभें तरी राहील.