विश्लेषण : ‘नू दिल्ली’वरून ब्लडीवूडचे चाहते का भांडतायत? आणि बुलढाण्याच्या कानाला त्यात काय सापडतं?

शेगावात इंजिनीअरिंग केलेल्या आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी लग्नपत्रिका, वाढदिवस आणि नोकरीच्या लिंका यांवर चालतो. २ मे २०२५ या शुक्रवारी मात्र तिथं चक्क भांडण लागलं. विषय होता दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ या मेटल बँडचा ‘नू दिल्ली’ हा नवा अल्बम. पुण्यात नोकरीला असलेल्या एकानं सकाळीच सगळी गाणी ऐकून ‘पैसा वसूल’ असा निकाल दिला. मलकापूरच्या मित्राचं उत्तर दुपारी आलं, ‘काऊन बे, अर्ध्या तासात अल्बम संपते काय?’ तिथून जे सुरू झालं ते रात्री उशिरापर्यंत थांबलं नाही.

मी दोन्हीकडून थोडं थोडं बोललो, म्हणजे दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. पण या भांडणात एक खरा प्रश्न होता. दोन वेगळ्या जातीची संगीतं एकत्र केली, तर ती जमली की नाही हे ठरवायचं कसं?

ब्लडीवूड म्हणजे नेमकं कोण?

करण कटियार आणि जयंत भदुला या दोघांनी २०१६ मध्ये दिल्लीत हा उद्योग सुरू केला. सुरुवात गमतीची होती. लोकप्रिय गाण्यांचं मेटलमध्ये विडंबन करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं. करण आधी वकिली करायचा. बँडमध्ये तो गिटार आणि बासरी वाजवतो, ध्वनिमुद्रणाची बाजूही सांभाळतो. जयंतचा आवाज म्हणजे आधी सरळ गाणं आणि पुढच्याच ओळीला गुरगुरणं. २०१८ मध्ये ‘अरी अरी’ या गाण्यात रॅपर राउल केर पाहुणा म्हणून आला आणि नंतर कायमचा राहिला. तो प्रामुख्यानं इंग्रजीत रॅप करतो, जयंत हिंदी-पंजाबी सांभाळतो. मंचावर ढोल वाजवायला वेगळा माणूस असतो.

२०१९ मध्ये जर्मनीतल्या ‘वाकेन ओपन एअर’ या मेटलच्या मोठ्या महोत्सवात हा बँड वाजला. त्या दौऱ्यावर ‘राज अगेन्स्ट द मशीन’ नावाचा माहितीपटही आहे. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘रक्षक’ हा मूळ गाण्यांचा पहिला अल्बम आला, तोही कुठल्या मोठ्या कंपनीशिवाय.

नव्या अल्बममध्ये आहे तरी काय?

आठ गाणी. ‘हल्ला बोल’नं सुरुवात, ‘नू दिल्ली’नं शेवट. मध्ये ‘हट’, ‘धडक’, ‘बेखौफ’, ‘किस्मत’, ‘दगेबाज’ आणि ‘तडका’. या वेळी ‘फिअरलेस रेकॉर्ड्स’ ही अमेरिकी कंपनी पाठीशी आहे. ‘नू’ ही स्पेलिंगची चूक नाही, तो शब्दखेळ आहे. नव्वदच्या दशकात मेटलमध्ये रॅप मिसळून जो प्रकार तयार झाला त्याला ‘नू मेटल’ म्हणतात. होस्टेलच्या पेन ड्राइव्हवर ‘लिंकिन पार्क’ ऐकून मोठे झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

चाहत्यांची तक्रार काय आहे?

सगळ्यात मोठा गट ‘रक्षक’वाल्यांचा. त्या अल्बममध्ये ‘दाना दान’ लैंगिक अत्याचारावर होतं, ‘गद्दार’ धर्माच्या नावावर चालणाऱ्या राजकारणावर, ‘जी वीरे’ नैराश्याशी झगडणाऱ्यांसाठी. ते गाणं आलं तेव्हा बँडनं काही जणांसाठी मोफत समुपदेशनाचीही सोय केली होती. अशा बँडनं आता एक गाणं खाण्यावर करावं, हे या गटाच्या पचनी पडत नाही. ‘तडका’ म्हणजे आपली फोडणी. फोडणीवर मेटल?

मला ही तक्रार अर्धीच पटते. राग हासुद्धा काही काळानं साचा होतो. प्रत्येक गाण्यात मूठ आवळायची ठरवली, तर चौथ्या गाण्यापर्यंत हात दुखतो. शिवाय जेवणाबद्दल मनापासून गाणं हे काही हलकं काम नाही. रोडगे आणि वांग्याच्या भाजीसाठी उन्हात शेतावर जाऊन बसणाऱ्या जिल्ह्यानं तरी तसं म्हणू नये.

लांबीची तक्रार मात्र खरी आहे. ‘रक्षक’मध्ये दहा गाणी होती, इथं आठ, आणि त्यातली काही आधीच सुटी प्रसिद्ध झालेली. तीन वर्षं वाट पाहिलेल्या माणसाच्या हाती खरोखर नवं किती आलं, हा हिशोब मलकापूरकरानं मांडला तेव्हा ग्रुपवर कुणाकडे उत्तर नव्हतं. (‘रक्षक’मध्येही जुनी गाणी होती, हे मी लिहिलं. कुणी लक्ष दिलं नाही.)

मग ‘बेखौफ’. यात जपानची ‘बेबीमेटल’ आहे. तीन मुलींचा हा गट जपानी पॉप आणि मेटल एकत्र करतो. त्यामुळे एका गाण्यात हिंदी, इंग्रजी आणि जपानी. परदेशातल्या चाहत्यांना हा सण वाटला. आपल्याकडे अनेकांना वाटलं की हे निर्यातीसाठी बांधलेलं पार्सल आहे. पुढे ऑगस्टमध्ये ‘बेबीमेटल’च्या ‘मेटल फोर्थ’ अल्बमवर ‘कॉन! कॉन!’मध्ये ब्लडीवूड पाहुणे म्हणून आले, तेव्हा ग्रुपवरचं भांडण पुन्हा पेटलं.

इथं मला शाळेतला विज्ञानाचा तास आठवतो. लोहकीस आणि गंधक एकत्र केलं की ते मिश्रण. चुंबक फिरवला की लोखंड वेगळं निघतं. तेच तापवलं की आयर्न सल्फाइड तयार होतं, आणि मग चुंबक कितीही फिरवा, काही हाती लागत नाही. गाण्यालाही असाच चुंबक लावून बघता येतो. मनातल्या मनात एक घटक काढून टाका. उरलेलं गाणं तसंच उभं राहिलं, तर तो घटक वरून भुरभुरलेला होता.

माझ्या कानाला ‘बेखौफ’मध्ये चुंबक चालतो. प्रत्येक जण आपापल्या पाळीला येतो, छान करतो आणि बाजूला होतो. ‘तडका’मध्ये चालत नाही. तिथं ढोल आणि गिटार एकाच ठोक्यावर पाय आपटतात, ढोल काढला तर गिटार लंगडते. म्हणजे चाहत्यांनी ज्या गाण्याला हलकं ठरवलं, तेच जास्त एकजीव झालेलं आहे. हे माझं मत. पुणेकर मित्राचं नेमकं उलटं आहे.

पण हा नुसता गोंगाट नाही का?

आमच्या घरचं मत विचाराल तर आहे. आईला एका कानात इअरफोन दिला. जयंत गुरगुरला तशी ती म्हणाली, ‘याचा घसा बसला काय रे?’ घसा बसलेला नसतो. खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांचा वापर करून हा आवाज काढतात. तंत्र येत असेल तर गायक हे रोज करू शकतो. येत नसेल तर एका दिवसात आवाज जातो.

गोंगाटाचा दुसरा भाग मात्र तुमच्या हातातल्या फोनशी जोडलेला आहे. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. मेटलवाले ती आणखी सैल करून खाली उतरवतात, कधी ६५, कधी ५५ हर्ट्झपर्यंत. ड्रमच्या पायातला ठोका त्याच पट्ट्यात असतो. ढोलाच्या जाड बाजूचा, म्हणजे वाकड्या काठीनं वाजवतात तिचा, धुमधुमाटही फार वर नसतो. तिघांना एकाच खोलीत कोंबल्यासारखं हे आहे. कुणी कधी बोलायचं, हे ठरवणं म्हणजेच मिक्सिंग. ढोलाच्या पातळ बाजूचा कडकडाट पार वरच्या पट्ट्यात असल्यामुळे तो कशातूनही वाट काढतो.

आता फोनचा स्पीकर. तो नखाएवढा, सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज त्याला धड झेपत नाही. वरचे सूर ऐकून आपला मेंदू खालचा सूर अंदाजानं भरून काढतो, पण अंगावर येणारा धक्का भरून काढता येत नाही. उरतो तो फक्त वरचा कडकडाट. म्हणूनच एसटीत कुणी फोनवर मेटल लावलं की ते डब्यात खिळे हलवल्यासारखं ऐकू येतं. ‘नू दिल्ली’बद्दल मत बनवण्याआधी साधे का होईना, इअरफोन लावा. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही, कानात घट्ट बसले पाहिजेत.

तरीही अल्बमचं ध्वनिमुद्रण फार दाबून भरलेलं आहे, ही तक्रार राहतेच. हळू आणि जोरात यांतलं अंतर कमी आहे. सगळंच जोरात असेल तर जोराचं कौतुक राहत नाही.

बुलढाण्याच्या कानाला यात नवीन काय?

मिसळण्याची गोष्ट तर मुळीच नवी नाही. आपल्या लग्नातली बँड पार्टी घ्या. पितळी वाद्यं इंग्रजांच्या लष्करी बँडमधून आली, सुरावटी हिंदी सिनेमातल्या, गाडीवर कॅसिओ, आणि खाली डफडं. वरातीत सगळे जमिनीवर लोळून ज्यावर नाचतात ती १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी तर पुंगीच नव्हती. संगीतकार हेमंत कुमार यांच्यासाठी कल्याणजी यांनी ती क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या की-बोर्डवर वाजवली होती. खामगावच्या वरातीत सत्तर वर्षं झाली, लोक एका इलेक्ट्रॉनिक वाद्यावर साप होतायत आणि कुणाला ते परकं वाटत नाही.

अडचण वेगळी आहे. आईनं ढोल लगेच ओळखला, पण ‘पंजाबी लग्नातला’ म्हणून. आपल्याकडे तो सिनेमातूनच आला. ब्लडीवूडच्या अल्बममध्ये जो ‘देशी’ भाग आहे तो दिल्ली-पंजाबचा. अल्बमच्या नावातच शहर आहे, त्यामुळे यात फसवणूक काही नाही. पण चिखली किंवा मेहकरच्या चाहत्यासाठी मिश्रणातल्या दोन्ही वस्तू बाहेरच्या आहेत. गिटारही आणि ढोलही. तरी तो हे गाणं ‘आपलं’ म्हणून जर्मन प्रेक्षकाच्या व्हिडिओखाली तिरंगा टाकतो. मीही टाकलाय. मलकापूरच्या मित्राचा खरा राग यावर होता, हे मला फार उशिरा कळलं. अर्धा तास हे निमित्त होतं.

मग वऱ्हाडी बोलीत असं काही होतंय का?

होतंय, पण रॅपच्या बाजूनं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावानं वऱ्हाडीत रॅप करतो. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाचा तो भाग. या गटात मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा एकत्र नांदल्या. २०२० मध्ये त्यांचा ‘चेतावनी’ हा अल्बम आला. त्याआधी आरे जंगल आणि वारली पाड्यांच्या प्रश्नावर प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ गाजलं होतं. त्या गाण्याला चुंबक लावून बघा. वारली आवाज काढला तर गाण्याचं कारणच उरत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याचा हिशोब तर आणखी जुना आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गाऊन ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्डवर नाट्यपदांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. नाटक नाही, प्रसंग नाही, नुसती एका खेड्यातल्या पोरीची कविता, चाल लावलेली, तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेली. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिची गणना होते. पुढे ना. घं.ना ‘खूणगाठी’साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण ते मेहकरात वकिलीच करत राहिले. त्या काळी तबकडी हे आजच्या यूट्यूबइतकंच नवलाचं यंत्र होतं, आणि त्यात गेलेला शब्द बुलढाणा जिल्ह्यातला होता.

ही गोष्ट मी ग्रुपवर टाकली. दोन दिवस शांतता. मग मलकापूरच्या मित्रानं एक ऑडिओ पाठवला. गावच्या पोळ्यात फोनवर रेकॉर्ड केलेलं डफडं, त्याखाली मोफत ॲपमधली सैल केलेली गिटार. चाळीस सेकंदच. फोनच्या स्पीकरवर खालचा बास गायब, डफडं तेवढं खणखणीत. पुणेकरानं लिहिलं, ‘मिक्स नीट कर, मग ऐकतो.’ निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून आलेलं नाही.