अर्ध्या छत्रीचं वटवाघूळ

हॅलोविनला चार दिवस उरले होते आणि आमच्या सहा वर्षांच्या लेकीने जाहीर केलं, "आई, मी चमगादड बनणार!" रायपूरच्या शंकर नगरात राहतो आम्ही, घरातली मराठी आणि खाली खेळताना बोलायची हिंदी तिच्या तोंडी अशी एकत्र नांदते. 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोसायटीतली मुलं सोंगं घेऊन जमणार होती.

मी सवयीने मोबाइल उचलला. तयार पोशाख हवे तेवढे होते, पण सगळे डोक्यापासून पायापर्यंत पॉलिस्टरचे. आपल्याकडे ऑक्टोबर सरला तरी दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. त्यात पोर उकडून निघालं असतं. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "पावसाळ्यात मोडलेली ती काळी छत्री अजून गॅलरीतच पडली आहे ना?"

छत्री उघडून नीट बघा, म्हणजे कळेल. कापडाची कड दोन काड्यांच्या मध्ये आत वळते, अगदी वटवाघळाच्या पंखासारखी. आणि हे साम्य उगाच नाही. वटवाघळाचा पंख म्हणजे खरं तर त्याचा हात. त्याच्या बोटांची हाडं लांबच लांब वाढतात आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडी ताणलेली असते. हे ऐकल्यावर लेक स्वतःची बोटं फाकवून बराच वेळ बघत बसली.

काड्यांची टोकं बोचतात, म्हणून कापड मी उसवलं. आठ पाकळ्यांचं कापड शिवणीवरून मधोमध कापलं. चार पाकळ्यांची सरळ कड साधारण मीटरभर भरली. लेकीने हात पसरले तर या मनगटापासून त्या मनगटापर्यंत जवळजवळ तेवढंच अंतर! म्हणजे अर्ध्या छत्रीत दोन्ही पंख. पूर्ण बाह्यांच्या काळ्या सुती टी-शर्टला ती कड मानेशी, खांद्यांवर, कोपरांवर आणि मनगटांवर टाक्यांनी पक्की केली. पंख पाठीवर मोकळे लोंबतात, त्यामुळे उकडत नाही, आणि लांबी पोटऱ्यांच्या वरच राहते, त्यामुळे जिन्यात पायात येत नाहीत. मधले टाके लेकीने बोथट सुईने घातले. एक टाका वर, एक खाली. पाऊण तास लागला.

कान तिने पुठ्ठ्याचे कापले. उजवा बऱ्यापैकी जमला, डावा मात्र आंब्याच्या फोडीसारखा वाकडा. आणि इथे मी चूक केली. ती झोपल्यावर दोन्ही कान कात्रीने सारखे केले, टोपीला चिकटवले आणि समाधानाने झोपले.

सकाळी तिने टोपी हातात घेतली. "हे माझे कान नाहीत." मी म्हटलं, "तुझेच आहेत, फक्त नीट केलेत." ती रडली नाही, हट्टही केला नाही. टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मग तूच घाल." शाळेची बस येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आजोबांनी त्या दिवशी मला त्यांच्या लहानपणीचा नागपूरचा तान्हा पोळा सांगितला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल घेऊन, वेगवेगळी सोंगं घेऊन दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, मिळवतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं नागपुरात सांगतात. आजोबा गोणपाट गुंडाळून साधू झाले होते, कापसाची दाढी स्वतः चिकटवलेली. "अर्ध्या वाटेत गळून पडली," ते हसत म्हणाले, "पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही मी." आपल्या छत्तीसगढच्या छेरछेरालाही पौष पौर्णिमेला मुलं घरोघरी नवं धान मागतातच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्येही हॅलोविनला सोंग घेतलेली मुलं गाणं किंवा कविता म्हणून खाऊ कमवायची. त्यामुळे हे परकं खूळ आहे म्हणून नाक मुरडायचं मी तरी सोडून दिलं आहे.

संध्याकाळी नवा पुठ्ठा आणि तिची छोटी कात्री तिच्यापुढे ठेवली. "माझं चुकलं," म्हटलं. तिने मला शेजारी बसू दिलं, फक्त पुठ्ठा धरायला. या वेळी डावा कान पहिल्यापेक्षाही मोठा झाला.

मुखवटा आम्ही केलाच नाही. त्यातून नीट दिसत नाही. नाकावर थोडं काजळ लावलं, तेही आदल्या दिवशी मनगटावर लावून बघून. आणि एक गोष्ट अगदी कडक पाळा: छत्रीचं कापड पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं. पणत्या-मेणबत्त्यांऐवजी सेलचे दिवे ठेवा, असं मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं, "ये कहाँ से मँगाया?" लेकीने दोन्ही हात पसरले. लिफ्टमध्ये जागाच उरली नाही. "बनाया," ती म्हणाली.

उरलेली अर्धी छत्री त्याला हवी आहे. द्यायला ती तयार आहे, पण कान त्याने स्वतः कापायचे, अशी तिची अट आहे.