पाठीवरचं बाळ

मार्चचे दिवस होते. शिवारात हळद शिजवून वाळत घातलेली, आणि औंढ्याकडून येताना तिचा मातकट वास एसटीच्या खिडकीतून थेट नाकात शिरत होता. जवळा बाजारला माझी भाची बाळंत झाली होती. पहिलं माहेरी, दुसरं सासरी अशी आमच्याकडची रीत. पण सासरी करणारं बाईमाणूस कोणी नव्हतं, म्हणून दुसरंही माहेरीच. मी पोचले तेव्हा बाळ तीन दिवसांचं होतं आणि थोरली सव्वातीन वर्षांची.

भाची बाजेवर बसून बाळाला पाजत होती. बाळानं चार घोट ओढले आणि हिनं पदराचं टोक दातात धरलं.

"मावशी, परत कळाच यायल्यात गं. पहिलीच्या टायमाला असं काही नव्हतं."

बाजेखाली शेगडी सारत, वर न बघताच अक्का म्हणाली, "दुखू दे. पोट जाग्यावर बसायलंय. दुसऱ्याला जास्तच दुखतं."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शाळा चौथीपर्यंत. आणि ती बोलली ते शब्दशः खरं होतं. (शेगडीचं मात्र मला पटत नाही. कोंदट खोलीत कोळशाचा धूर ना बाळंतिणीच्या कामाचा ना बाळाच्या. मी खिडकी उघडली, अक्कानं ती दोनदा लावली.)

हे जाग्यावर बसणं म्हणजे काय, ते बघण्यासारखं आहे. एरवी गर्भाशय मुठीएवढं, साठ-सत्तर ग्रॅमचं. नऊ महिन्यांत ते वाढून किलोभराचं होतं. त्याच्या आतल्या भिंतीला वीतभर रुंदीची वार चिकटलेली असते आणि शेवटच्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर येतं, पाठोपाठ वार सुटते आणि तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्यांची जखम उरते. हिशेबानं बघितलं तर बाई काही मिनिटांत रिकामी व्हायला हवी. ती होत नाही, कारण गर्भाशयाचे स्नायू उभे-आडवे, एकमेकांत विणल्यासारखे असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून गेलेल्या असतात. स्नायू आवळला की प्रत्येक वाहिनीला आपोआप फास बसतो. विनादोऱ्याच्या हजारो गाठी, एका दमात मारलेल्या.

या गाठी घट्ट ठेवायला बाळच मदत करतं. ते अंगावर ओढायला लागलं की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटतं. तेच दुधाच्या पिशव्या दाबून पान्हा सोडतं आणि तेच खाली गर्भाशयालाही आवळतं. म्हणून पाजताना पोटात कळ. आता पहिलटकरणीला कमी आणि दुसऱ्या खेपेला जास्त का? पहिल्या खेपेला स्नायू ताठ असतो, एकदा आवळला की आवळलेलाच राहतो. एकदा ताणला गेलेला स्नायू आवळतो, सैलावतो, पुन्हा आवळतो, आणि त्या प्रत्येक आवळण्याची कळ वेगळी जाणवते. बाळंतपणं वाढत जातील तशी ही ओढाताण वाढते. पाच-सहा बाळंतपणांनंतर तर थकलेलं गर्भाशय कधी कधी आवळतच नाही, गाठी सैल पडतात आणि रक्त थांबत नाही. आमच्या आजीच्या पिढीत ‘बाळंतपणात गेली’ एवढ्या दोन शब्दांत जे संपवलं जायचं, त्यातलं बरंचसं हे होतं.

नीट चाललं असेल तर गर्भाशय रोज साधारण बोटभर खाली उतरतं. पहिल्या दिवशी बेंबीपाशी हाताला लागतं, बारा-चौदा दिवसांनी ओटीपोटावर दाबूनही सापडत नाही, आणि सहा आठवड्यांत जवळपास पूर्वीएवढं होतं. बाळंतिणीनं सव्वा महिना खोली सोडायची नाही असं ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडे ग्रॅमचा काटा नव्हता, पण त्यांनी या बायकांकडे लक्ष देऊन बघितलं असणार.

शरीर पहिलं बाळंतपण विसरत नाही, हे दुसऱ्या वेळी पावलोपावली कळतं. वाट एकदा मोकळी झालेली असते, म्हणून कळा सुरू झाल्यापासून सुटका होईपर्यंतचा वेळ सहसा बराच कमी लागतो. जवळ्यासारख्या गावात याचा अर्थ असा, की पहिलीच्या वेळी संध्याकाळी दुखायला लागून सकाळी मोकळी झाले होते, या भरवशावर दुसऱ्या वेळी बसून राहायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ला आधीच फोन लावायचा. दुधाचंही तसंच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलला २००१ साली २२ आयांचं दूध पहिल्या आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी मोजलं गेलं. दुसऱ्या वेळी पहिल्या आठवड्यात सुमारे तीस टक्के जास्त दूध आलं, आणि पहिल्या वेळी जिला कमी आलं होतं तिचं दूध सगळ्यांत जास्त वाढलं. ‘हिला दूधच नाही’ असा शिक्का पहिल्या खेपेला बसलेल्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं.

तिसरा दिवस होता म्हणून दुपारी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई आल्या. पिशवीतून झोळीचा काटा काढला, बाळाला त्यात ठेवून वजन केलं, काखेत थर्मामीटर लावलं. मग बाळाचं झबलं वर करून घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत राहिल्या. खोलीत सगळे गप्प. बाळाचं पोट भरभर वर-खाली होत होतं, मधेच क्षणभर थांबायचं, आणि थोरलीही श्वास धरून बघत होती. "अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास भरले, पुन्हा मोजूनही तेवढेच आले, तर दवाखाना गाठायचा.

हे एक मिनिट गडचिरोलीतून आलंय. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं तिथल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, ऊब द्यायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुदोष ओळखून औषध द्यायला शिकवलं. आसपासच्या इतर गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशा घरोघर जायला लागल्या. दवाखान्यात झालेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. शेवटची फेरी सव्वा महिन्याच्या आसपासच येते, हे माझ्या लक्षात आलं आणि गंमत वाटली.

जाता जाता आशाताईंनी थोरलीकडे बघून विचारलं, "ही काय खाती?"

प्रश्न साधा वाटतो. पण धाकटं आलं की थोरल्याचं काय होतं, यावर वैद्यकात एक अख्खा आजार उभा आहे. जमैकात जन्मलेल्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाई १९३०च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या घानात, काम करत होत्या. पाय सुजलेली, केस पिंगट झालेली, चिडचिडी, दीड-दोन वर्षांची मुलं त्यांच्यापुढे यायची. इतर डॉक्टर वेगळीच निदानं करत. विल्यम्सबाईंनी तिथल्या आयांनाच विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? त्यांनी गा भाषेतला शब्द सांगितला: क्वाशिओरकर. पाठचं बाळ आलं की आधीच्याला होणारं दुखणं. आईचं दूध तुटलेलं आणि ताटात नुसती मक्याची पेज. १९३५ साली विल्यम्सबाईंनी तोच शब्द जशाचा तसा ‘लॅन्सेट’मध्ये वापरला आणि तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. आजाराचं नाव आयांनी ठेवलं, असं फार कमी वेळा घडतं. थोरल्याचं दूध असं तुटू नये म्हणूनही एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला निदान दोन वर्षं तरी जाऊ द्यावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते आईच्या रक्तासाठी आहे, तसंच थोरल्याच्या ताटासाठीही.

आमच्या थोरलीच्या ताटात वरणात कुस्करलेली भाकरी होती आणि नाकात शेंबूड. अंगणवाडीतून रोज नवीन सर्दी घेऊन यायची आणि थेट बाळाच्या तोंडावर वाकायची. अक्का तिला हाकलून हाकलून दमली.

या शेंबडाची मात्र एक उलटी बाजू आहे. थोरलीची सर्दी आईच्या नाका-घशात जाते. तिथं आणि आतड्यात ज्या पेशी त्या जंतूची ओळख पटवतात, त्यांतल्या काही रक्तातून प्रवास करून स्तनांत येऊन बसतात आणि नेमक्या त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात. चीक पिवळा, चिकट आणि चमचाभरच असतो, पण तो या प्रतिपिंडांनी गच्च भरलेला असतो. म्हणजे जवळ्याच्या बाळंतिणीचं दूध जवळ्याच्याच जंतूंसाठी तयार होतं. या घरातल्या, या अंगणवाडीतल्या. डब्यातल्या दुधाला जवळा बाजार माहीत नाही. अर्थात तीन दिवसांच्या बाळावर शिंकू द्यावं असं नव्हे, अक्काचं हाकलणं बरोबरच होतं. पण पुढचा हिशेब वेगळा आहे. १९५८च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सतरा हजारांवर मुलांची नोंद डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ साली चाळली. ज्यांना थोरली भावंडं जास्त, त्यांना परागकणांनी येणारी शिंकांची ॲलर्जी कमी. कारणांवर अजून वाद आहेत, पण थोरल्या भावंडांचा हा परिणाम पुढेही अनेक ठिकाणी दिसला.

आपल्या भाषेत धाकट्याला ‘पाठचा’ म्हणतात. ‘हिच्या पाठीवर भाऊ झाला.’ लहानपणी मला वाटायचं, बाळ खरंच पाठीवरून येतं. हल्ली वाटतं, शब्द बरोबर आहे, पण पाठ आईची.

गरोदरपणी बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपणानंतर त्या नाहीशा होत असतील असा समज होता. १९९६ साली अमेरिकेत डायना बियांकी यांच्या गटाला एका बाईच्या रक्तात वाय गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्या. बाईमध्ये वाय गुणसूत्र असायचं कारण नाही. ते मुलाकडूनच येणार. आणि तिचा मुलगा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. २०१२ साली ५९ मृत बायांचे मेंदू तपासले गेले. त्यांतल्या साठ टक्क्यांहून जास्त मेंदूंत पुरुषाचा डीएनए मिळाला, तो बहुधा पोटात वाढलेल्या मुलांचा. या पेशी तिथं काय करतात, जखम भरायला मदत करतात की कधी घातही करतात, हे अजून ठरायचंय.

आणि आईच्या रक्तातून त्या पुढच्या बाळात जाऊ शकतात. डेन्मार्कमध्ये दहा ते पंधरा वर्षांच्या मुलींचं रक्त तपासलं तेव्हा काहींमध्ये पुरुषाचा डीएनए होता, आणि ज्यांना थोरला भाऊ होता त्यांच्यात तो जास्त आढळण्याकडे कल दिसला. थोरलं जाताना आईत थोडंसं राहतं आणि धाकटं येताना त्यातलं थोडंसं घेऊन येतं.

संध्याकाळी बाळ झोळीत होतं. थोरली दोरी ओढत होती, जरा जास्तच जोरात. मग थांबली, बाजेपाशी आली आणि आईच्या सैल पोटावर तिनं कान टेकवला.

"आज्जे, आता ह्याच्यात कोणी हाय का?"

"कोणी न्हाई, बाई," अक्का घाईघाईनं म्हणाली. "रिकामं झालं ते."

मी काही बोलले नाही.