गळती कडेला असते

पुण्याजवळच्या एका इंजेक्शनच्या कारखान्यात संपादकांनी पाठवलं. "अर्ध्या दिवसाचं काम," म्हणाले. निम्मा वेळ कपडे बदलण्यातच गेला. घड्याळ, अंगठी बाहेर; डोळे सोडून सगळं झाकलेलं. क्लीनरूममधली सगळ्यात मळकी वस्तू म्हणजे माणूस. नुसता उभा राहिला तरी त्वचेचे कण सांडतो.

क्लीनरूमचा इतिहास थोडक्यात. १९६०च्या सुमारास अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतल्या विलिस व्हिटफिल्ड यांनी धूळ पुसत बसण्याऐवजी तिला वाऱ्याने सतत बाहेर ढकलायचं ठरवलं. छतातून गाळलेली हवा संथ, सरळ खाली येते आणि धूळ घेऊन जाते.

मी मात्र रमलो शिडीवरच्या माणसापाशी. उत्पादन बंद होतं, म्हणूनच मला आत घेतलेलं. छतातल्या हेपा (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरच्या वरच्या अंगाला तेलाचं बारीक धुकं सोडलेलं, आणि हा खालून नळी फिरवत होता, जाळीपासून दोन बोटांवर, मुंगीच्या चालीने. धुक्याचा ०.०१ टक्क्याहून जास्त भाग खाली उतरला तर फिल्टर नापास.

०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण सगळ्यात चकवा. मोठे कण धाग्यांवर आदळतात, अगदी बारीक भरकटत जाऊन चिकटतात, मधलेच निसटतात. म्हणून फिल्टर बनतानाची परीक्षा त्यांच्यावरच: १०,००० पैकी किमान ९,९९७ अडले पाहिजेत.

"साहेब, गळती मधे क्वचित. कडेला बघायची," तो म्हणाला. "पत्र्याचं छप्पर कुठं गळतं? खिळ्यापाशीच ना!"

कुपी भरतात तिथे घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रॉनपासून वरचे ३,५२० कण, ही कमाल मर्यादा. ती राखायला पंखे रात्रंदिवस चालतात. शेजारच्या खोलीपेक्षा आतला दाब १०-१५ पास्कल जास्त, म्हणजे दार उघडलं तरी वारा बाहेरच धावतो. वीज गेली की ही दाबाची उतरंड कोसळते. पावसाळ्यात हवेतलं पाणी काढायला ती आधी गार करायची, मग पुन्हा तापवायची, बिल दोन्हीचं. ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बुरशी बसून येते, ती वेगळीच. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या, औषध कारखान्यांसाठीच्या सुधारित शेड्यूल एमने नियम कडक केले. ते योग्यच, पण छोट्या कारखानदाराने हा खर्च कुठून काढायचा, याची चिंता मला तिथेच लागली.

दुपारी तिसऱ्या फिल्टरच्या कोपऱ्यात काटा हलला: ०.०२ टक्के. शिडीवरच्याने चौकटीचे बोल्ट आवळले, पुन्हा नळी फिरवली. काटा तिथेच. गॅस्केट बदलायचं ठरलं, आणि सोमवारचं उत्पादन बुधवारवर गेलं.