जंगल तोडा, वॅगनी मोजा!

वखारीतल्या काट्यावर एक टन वाळकं लाकूड चढवा. त्यातला निम्मा, म्हणजे 500 किलो, निव्वळ कार्बन. आता काडी लावा. जळता जळता हा कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि 500 किलोंचा होतो 1,800 किलो कार्बन डायऑक्साइड! मावणार कुठे? वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल अशी गावाकडची कोरडी विहीर घ्या. एक काठोकाठ भरली, दुसरी भरली, तिसरीही भरत आली. आणि लाकूड किती? एकच टन!

आता वखार सोडा, ॲमेझॉनकडे चला. 2024 साली जगाच्या उष्ण पट्ट्यातलं 67 लाख हेक्टर जुनं, मूळचं जंगल गेलं. जवळजवळ निम्मं वणव्यांत. बाकीचं कुरणं, सोयाबीन, लाकूडतोड अशा कारणांनी. मेरीलँड विद्यापीठाने उपग्रहचित्रांवरून काढलेला हा आकडा. म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा, वर थोडं शिल्लक. मिनिटाला 31 एकर! या वेगाने बोरिवलीचं अख्खं नॅशनल पार्क चौदा तासांच्या आत फस्त.

त्यातून वायू किती सुटला? 310 कोटी टन! भारतातली सगळी वीजकेंद्रं, सगळे कारखाने, सगळ्या गाड्या वर्षभर कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याहून थोडा जास्तच. किलोमागे फक्त एक रुपया दंड लावू. जमा होतील 3 लाख 10 हजार कोटी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज होता 1 लाख 8 हजार कोटी. घ्या, जवळजवळ तीन बुलेट ट्रेन!

पण ओझं न्यायला बुलेट ट्रेन कशाला, मालगाडीच बोलवा. 58 वॅगनी, साडेतीन हजार टन माल, इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत साधारण 650 मीटर. अशा गाड्या लागतील रोज 2,400. एकीला एक खेटून उभ्या केल्या, तर मुंबई-पुणे हा 192 किलोमीटरचा लोहमार्ग आठ वेळा गच्च. हे एका दिवसाचं. वर्षाच्या झाल्या पावणेनऊ लाखांवर गाड्या, रांग पावणेसहा लाख किलोमीटर! चंद्र आहे 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. म्हणजे वॅगनी चंद्राला पोचल्या, वळल्या आणि परतीची निम्मी वाट कापून आल्या. आणि मंडळी, हा माल एकाच वर्षाचा. पुढच्या वर्षाचा अजून चढवायचाय!