सुकियाकी : एका ‘पारंपरिक’ पदार्थाची आधुनिकता

सुकियाकी या गोमांसाच्या पदार्थाचा उल्लेख सामान्यतः ‘पारंपरिक जपानी खाद्यपदार्थ’ असा केला जातो. पारंपरिक म्हणजे प्राचीन असा अर्थ घेतल्यास मात्र हे वर्णन दिशाभूल करणारे ठरते. सुकियाकीचे आजचे स्वरूप जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. त्यापूर्वी अनेक शतके जपानी समाजात गोमांसभक्षण निषिद्ध मानले जात होते. हा निषेध कसा ओसरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई केली. या आज्ञेमागे बौद्ध अहिंसाविचार होताच. परंतु ही मनाई चौथ्या ते नवव्या महिन्यापुरती, म्हणजे शेतीच्या हंगामापुरती होती आणि हरीण व रानडुक्कर तीतून वगळलेले होते. शेतीची जनावरे राखणे हाही तिचा हेतू असावा. पुढे निषेध अधिक दृढ झाला, तरी पळवाटा उरल्याच. रानडुकरास ‘डोंगरातला देवमासा’ म्हटले की ते खाता येई. औषध म्हणून मांस घेणे हीदेखील मान्य सबब होती. (निषेध आणि सबब यांचे सहअस्तित्व केवळ जपानपुरते मर्यादित नाही.)

१८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर चित्र पालटले. पाश्चात्त्यांचे सामर्थ्य त्यांच्या आहारात आहे, अशी धारणा सुशिक्षितांत बळावली. विचारवंत फुकुझावा युकिची यांनी १८७० मध्ये मांसाहाराचे समर्थन करणारा लेख लिहिला. १८७२ मध्ये सम्राटाने गोमांस खाल्ल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. कानागाकी रोबुन यांच्या १८७१-७२ मधील ‘आगुरानाबे’ या विनोदी कृतीत तर गोमांसाच्या भांड्याभोवती मांडी घालून बसलेली गिऱ्हाइकेच बोलतात. गोमांस खाणे हे सुधारकपणाचे लक्षण ठरले होते आणि रोबुन यांनी नेमकी त्याचीच थट्टा केली आहे.

येथे एक बाब विशेष महत्त्वाची वाटते. मांस परकीय कल्पनेतून आले, पाककृती मात्र परकीय नव्हती. योकोहामा व टोकियो येथील आरंभीच्या ‘ग्यूनाबे’ दुकानांत, म्हणजे गोमांस-हंडीच्या दुकानांत, मांसाचा अपरिचित वास मारण्यासाठी मिसो, अर्थात आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, वापरीत. पुढे सोया सॉस आणि साखर रूढ झाली. सोबत टोफू, कांद्याची पात व कोन्याकू कंदाच्या शेवया आल्या. मांसाचे काप पातळ असल्याने सुरी-काट्याची गरज उरली नाही. काड्या पुरेशा होत्या. नवा पदार्थ जुन्या सवयींत असा बसवला गेला, म्हणूनच तो टिकला असे म्हणता येईल.

‘सुकी’ म्हणजे फावडे व ‘याकी’ म्हणजे भाजणे, ही व्युत्पत्ती सर्वश्रुत आहे. एदो काळातील पाकग्रंथांत फावड्याच्या पात्यावर पक्ष्यांचे मांस भाजण्याची कृती आढळते. पश्चिमेकडील कानसाई प्रांतात आजही मांस प्रथम चरबीवर परतून त्यावर साखर व सोया सॉस घालतात. टोकियोच्या बाजूस आधीच तयार केलेल्या गोडसर रसात ते शिजवतात. १९२३ च्या कांतो भूकंपात टोकियोतील अनेक दुकाने नष्ट झाली. त्यानंतर कानसाईची पद्धत व तिचे नाव पूर्वेकडे पसरले आणि ‘ग्यूनाबे’ हा शब्द मागे पडत गेला. शिजलेला घास फेटलेल्या कच्च्या अंड्यात बुडवून खाण्याची रीत आज दोन्हीकडे आहे.

१९६३ मध्ये क्यू साकामोतो यांचे एक जपानी गीत अमेरिकेत ‘सुकियाकी’ या नावाने लोकप्रियतेच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. त्या गीतात या पदार्थाचा उल्लेखसुद्धा नाही. परदेशी श्रोत्यांना परिचित असा जपानी शब्द म्हणून तो वापरला गेला.