हक्काची पायरी, लेखांक ९ : येरवड्याला नेलं, आता खर्च कोण देणार?

पुण्यात ‘येरवडा’ म्हटलं की दोन भिंती डोळ्यांसमोर येतात, एक तुरुंगाची आणि दुसरी मनोरुग्णालयाची. ‘तिला येरवड्याला नेलं’ एवढंच कानावर आलं तर नेमकं कुठे नेलं ते कळत नाही. बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांमध्ये तर दोन्हींचा अर्थ एकच लागतो: पोलिसांनी उचललं, म्हणजे आता कोर्ट, वकील, जामीन आणि पैसे. समजा, इथली एखादी बाई रात्री बेभान होऊन रस्त्यावर आली, स्वतःला इजा करू लागली आणि फरासखान्याच्या पोलिसांनी तिला हलवलं. तिच्या तब्येतीच्या आधी खर्चाची काळजी सुरू होते. सोबतिणी वर्गणी काढायला लागतात, कोठा चालवणारी घरवाली व्याजाने पैसे आणायचं बोलते, आणि जितके पैसे आणले तितकं तिचं देणं वाढतं.

उत्तर आधीच सांगून टाकते. तिला रुग्णालयात ठेवायचं की नाही, या सुनावणीसाठी तिने किंवा तिच्यासाठी धावणाऱ्या कुणीही एक रुपयाही देणं लागत नाही.

कोर्टाची भीती मात्र निराधार नाही. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला आणि पुढे पंचवीस वर्षं चालला. त्यात संमतीविना दाखल करायचं तर बहुतेक वेळा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. वकील नेमण्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायची तरतूद तेव्हाही होती. पण रुग्णालयातल्या राहण्याचा खर्च रुग्णाच्या मालमत्तेतून किंवा तिला पोसायला बांधील असलेल्या माणसाकडून वसूल करायची वाटही त्याच कायद्यात होती. लोकांच्या लक्षात वसुली राहिली.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने वाट बदलली. भटकणाऱ्या किंवा स्वतःला, दुसऱ्याला धोका असलेल्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, का घेतलं ते तिला सांगायचं आणि जास्तीत जास्त चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही, कुठल्याही कारणाने नाही. तातडीचे उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर करू शकतो, पण बहात्तर तासांपर्यंतच, आणि त्यात विजेचे झटके देता येत नाहीत. या बहात्तर तासांत कोर्टाची सुनावणीच नसते. वर्गणी काढली जाते ती नेमकी याच तीन दिवसांत, हे मला फार लागतं.

त्यानंतरही तिच्या मनाविरुद्ध ठेवायचं असेल, तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत तीस दिवसांची. बाई असेल तर तीन दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. पुरुषासाठी ही मुदत सात दिवस आहे. मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश. सदस्यांत डॉक्टर असतात, तसे स्वतः हा आजार भोगलेले किंवा अशा माणसाची काळजी घेतलेले लोकही असू शकतात. ‘मला सोडा’ असा अर्ज तिने केला तर मंडळाने सात दिवसांत निकाल द्यायचा. या अर्जाला कसलंही शुल्क नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

वकिलाचं काय? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील मिळण्याची दारं मोजलेली आहेत, आणि बुधवार पेठेतल्या बाईसाठी त्यातली बरीच एकाच वेळी उघडतात. ती स्त्री आहे, हे एक दार पुरेसं आहे. तिला विकून आणलं असेल तर ते दुसरं. मनोरुग्णालयात ठेवलेली आहे, हे आणखी एक. या दारांवर उत्पन्नाचा दाखला मागता येत नाही. मंडळाच्या निकालावर उच्च न्यायालयात जायचं तर तीस दिवसांची मुदत असते; तिथली कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही मोफत विधी सेवेत येतो. जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरला न्यायालयाच्या आवारात आहे; मोफत विधी सेवेचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००.

खर्च कोण देणार, हाच प्रश्न अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये वेगळ्या जागी अडतो. तिथे अशा सुनावणीचा खर्च, वकिलाचा मेहनताना, डॉक्टरांची फी, ने-आण हे सगळं मुळात ज्या काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, तातडीची कारवाई सुरू केली तिने द्यायचं, असं कायदा सांगतो. सरकारी तिजोऱ्यांनी आपसात ठरवायचा हा हिशेब. आपल्याकडे कायदा रुग्णाला खर्चातून मोकळं करतो, पण ते तिला सांगणार कोण यावर सगळं अडतं.

तेही कायद्याने सोडलेलं नाही. मोफत वकिलाचा हक्क आहे आणि तो कुठे मागायचा, हे तिला सांगणं पोलीस अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, न्यायदंडाधिकारी यांचं कर्तव्य आहे. माहिती देणं ही कुणाची मेहेरबानी नाही. फरासखान्याच्या दाराशी आणि रुग्णालयाच्या दाखल-खिडकीवर हा मजकूर मराठीसोबत कन्नड, बंगाली, नेपाळीतही लावायला हवा, कारण इथल्या कित्येकींना मराठी बोलता येते, वाचता येत नाही.

उपचारांच्या पैशांबद्दलही हेच. निराधार, बेघर किंवा दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला सरकारी संस्थेत उपचार मोफत आहेत, पिवळं रेशनकार्ड जवळ असो वा नसो. ज्यांच्या कागदांवरचं नाव वेगळं, गल्लीतलं नाव वेगळं, त्यांच्यासाठी हे शेवटचे चार शब्द फार मोठे आहेत.

तरी काही खर्च उरतोच. भेटायला जाणाऱ्या सोबतिणीचं रिक्षाभाडं, बुडालेली दिवसाची कमाई. ते कुठलंच कलम भरून देत नाही. म्हणून वर्गणी काढायचीच असेल तर त्यासाठी काढा. ‘साहेबांना द्यायला’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, १५१०० ला फोन करा.

सोबतिणीला तिच्या वतीने बोलायचा अधिकार कसा मिळतो? साध्या कागदावर सही किंवा अंगठा, मुद्रांकही लागत नाही. मात्र तो कागद शुद्धीत असताना करून ठेवावा लागतो. तो कसा लिहायचा, ते पुढच्या आठवड्यात.